सोसायटीचा कॉम्प्युटर अपडेट घेत नाही? आधी घड्याळ बघा



बंदी लागली, बोटी वर ओढल्या, शाकारून झाल्या. आता इंजिन उघडायचं, जाळी विणायची, रंगकाम करायचं. बोटीची डागडुजी कधी करायची हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण सोसायटीच्या ऑफिसात कोपऱ्यात एक डबा आहे, ज्याच्या पोटात सभासदांची यादी, शेअर्सचा हिशोब, डिझेल परताव्याचे प्रस्ताव, परवान्यांची कागदपत्रं सगळं आहे, त्याची डागडुजी कधी होते? बंद पडला की. आणि तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो.

मी कोळीवाड्यातलीच. लग्नानंतर भोपाळला आले आणि गेली काही वर्षं इथं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि शिकवण्याचं काम करते. समुद्र नाही म्हणून इथं मच्छीमार नाहीत असं समजू नका. शहराच्या मधोमध बडा तलाव आहे. अकराव्या शतकात राजा भोजानं तो बांधला असं मानतात, आणि २००२ पासून तो रामसर यादीत आहे. राज्यातल्या मोठ्या धरणांतली मासेमारी बघणाऱ्या मत्स्य महासंघाचं मुख्य ऑफिसही इथंच आहे. इथंही बंदी असते, १६ जून ते १५ ऑगस्ट. आपण नारळी पौर्णिमेची वाट बघतो, तशी ही माणसं पाऊस सरायची वाट बघतात. आणि यांच्याही समित्यांच्या ऑफिसात कोपऱ्यात तसाच एक डबा असतो.

भोपाळात जे गेलं ते गेलं

इथल्या एका समितीचा कॉम्प्युटर कित्येक महिने अपडेट घेत नव्हता. डाउनलोड सुरू व्हायचं, थोडं पुढं जायचं आणि लाल अक्षरात चूक दाखवून थांबायचं. कोणी लक्ष दिलं नाही, कारण काम चालत होतं. मग एक दिवस साईटच उघडेनात. समितीनं एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं अर्ध्या तासात निकाल दिला, "विंडोज खराब झालंय, नवीन टाकतो." टाकलं. संध्याकाळी कॉम्प्युटर चकाचक सुरू झाला, पण आत काहीच नव्हतं. सभासदांची यादी, पकडीच्या नोंदी, वाटपाचे हिशोब, सगळं पुसलं गेलं होतं. बॅकअप कोणी घेतला नव्हता आणि त्यानं विचारलं नव्हतं. वर त्यानं टाकलेलं विंडोज चोरीचं निघालं, आणि त्यात अपडेट मुद्दामच बंद करून ठेवलेलं होतं. म्हणजे ज्या दुखण्यासाठी डॉक्टर बोलावला ते दुखणं तसंच राहिलं, रोग्याची आठवण मात्र गेली.

समितीच्या लोकांना घरोघरी फिरून आधार कार्डाच्या झेरॉक्स परत गोळा कराव्या लागल्या. दोन म्हाताऱ्या सभासदांच्या जुन्या पावत्या कोणाकडेच नव्हत्या. त्यांचा हिशोब शेवटी सगळ्यांनी मिळून आठवणीवर मान्य केला. मला बोलावलं ते या सगळ्यानंतर.

म्हणून २०२५ च्या जूनमध्ये आपल्या गावच्या सोसायटीतून सेक्रेटरी काकांचा फोन आला, "अगो, आपला कॉम्प्युटर अपडेट घेईना, परवान्याचं पोर्टल पण कधी उघडतं कधी नाही, एक माणूस नवीन विंडोज टाकतो म्हणतोय," तेव्हा मी पहिलं वाक्य बोलले, "काका, त्याला हात लावू देऊ नका."

हे अपडेट असतं तरी काय?

बोटीच्या तळाला फट पडली तर आपण ती बुजवतो. कॉम्प्युटरच्या विंडोजमध्येही फटी सापडत राहतात. त्या फटीतून चोर आत येतो, फाइलींना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. अपडेट म्हणजे कंपनीनं पाठवलेला फट बुजवायचा मसाला. घेतला नाही तर फट उघडी राहते.

हे आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल तर उरणकडच्या लोकांना २०१७ चा जून आठवत असेल. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधली एक मोठी फट बुजवणारं अपडेट सोडलं. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्यावर १२ मे ला 'वॉनाक्राय' आला आणि सुमारे १५० देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर अडकले. मग २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्यानं मर्स्क ही जहाज कंपनी जवळजवळ ठप्प केली, आणि तिच्या गटाचं न्हावा शेव्यातलं कंटेनर टर्मिनल थांबलं.

यात खरं ते पूर्ण सांगायला हवं. नॉटपेट्या आत शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये लपून. पुढं पसरताना त्यानं ती मार्चमधली फट वापरली आणि कॉम्प्युटरमधले पासवर्डही चोरले. म्हणून काही ठिकाणी फट बुजवलेले कॉम्प्युटरही सापडले. म्हणजे अपडेट घेतलं की देव पावला असं नाही. बॅकअप वेगळा लागतोच. मर्स्कला आपली सगळी यंत्रणा पुन्हा उभी करायला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं बसवावे लागले. त्यांच्या नेटवर्कची मुख्य नोंद वाचली ती आफ्रिकेत घानाच्या ऑफिसातल्या एका सर्व्हरवर, कारण तिथं वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. एवढी मोठी कंपनी, आणि तिला वाचवलं लाइट जाण्यानं. आपण लाइट जाण्याच्या भरवशावर राहू नये.

वही ठेवणारी मुलगी

आता आपल्या सोसायटीकडे येते. ऑफिसात एक मुलगी काम करते. डिझेलच्या पावत्या, परताव्याचे प्रस्ताव, पोर्टलवरची कामं सगळं तीच बघते. काका फोनवर म्हणाले, "तिनंच काहीतरी दाबलं असणार." कमिटीतल्या दोघातिघांचंही तेच मत होतं. तिला बदलायची भाषाही झाली होती.

मी तिला व्हिडिओ कॉल लावला. विचारलं, चूक काय दाखवतो? ती म्हणाली, "ताई, रोज वेगळी दाखवतो. मी वहीत लिहून ठेवलंय." आणि तिनं शाळेची शंभर पानी वही कॅमेऱ्यासमोर धरली. तारीख, वेळ, स्क्रीनवर आलेला आकडा, त्या दिवशी पोर्टल उघडलं की नाही, सगळं ओळीनं लिहिलेलं. मंडळी, मी या धंद्यात आहे, पण इतकी नीट नोंद मोठ्या ऑफिसातही बघितली नव्हती.

हे आकडे बघून घाबरू नका. अपडेट अडलं की स्क्रीनवर एक लांब आकडा येतो, शून्य आणि एक्सनं सुरू होणारा. तो दुखण्याचं नाव सांगतो. शेवटची चार अक्षरं बघा:

– शेवट २एफ८एफ असेल तर बहुतेक तारीख-वेळ चुकलेली आहे.
– शेवट ००७० असेल तर डिस्क भरली आहे, जागा नाही.
– शेवट २ईई२ असेल तर इंटरनेट मध्येच तुटतंय किंवा फार हळू आहे.
– शेवट ०४२२ असेल तर अपडेटची सेवाच कोणीतरी बंद करून ठेवली आहे.

वहीत पहिल्या दोन प्रकारचे आकडे आलटून पालटून होते. आणि ज्या दिवशी २एफ८एफ, त्याच दिवशी पोर्टलही उघडलेलं नव्हतं. इथंच पहिला धागा सापडला.

पहिली गोष्ट : घड्याळ

मी विचारलं, तारीख कोण घालतं? ती म्हणाली, "रोज सकाळी मेन स्विच चालू केला की तारीख जुनी दाखवतो. मी हातानं बदलते. गर्दी असली की विसरते."

कॉम्प्युटरच्या आत रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. वीज बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. काही वर्षांनी ती संपते. मग मेन स्विच बंद केला की घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. इंटरनेटवरच्या प्रत्येक सुरक्षित साईटकडे एक दाखला असतो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारा. कॉम्प्युटरला वाटतं आज २०१५ साल आहे, मग २०२५ चा दाखला त्याला खोटा वाटतो आणि तो दार उघडत नाही. पोर्टलही नाही, अपडेटही नाही. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळते, पण फरक वर्षांचा असेल तर कॉम्प्युटर ती स्वतःहून बदलत नाही.

बोटींवर जीपीएस आणि वायरलेस बसवणाऱ्या आपल्याच इलेक्ट्रिशियननं ती बॅटरी बदलली. आधी वायर काढली, मग डबा उघडला. खर्च दोघांच्या चहा-वड्याएवढा. नंतर सेटिंग्जमध्ये 'डेट अँड टाइम' उघडून भारताची वेळ निवडली आणि 'सिंक नाऊ' दाबलं. पोर्टलचं दुखणं तिथंच संपलं.

दुसरी गोष्ट : जागा, आणि माझी चूक

राहिला ००७०. सी ड्राइव्हवर जेमतेम तीन जीबी जागा उरली होती. विंडोज १० च्या मोठ्या अपडेटला वीसेक जीबी तरी मोकळी लागते. भरलं होतं काय? व्हॉट्सॲपचे फोटो, जुन्या सिनेमांच्या फाइली आणि कोणाच्या तरी हळदीचा दोन तासांचा व्हिडिओ. हळद कोणाची ते लिहीत नाही, कमिटीत वाद नको.

भोपाळचा धडा लक्षात होता, म्हणून साफसफाईआधी मी तिला 'सोसायटी' नावाचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यायला लावला. मग सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', त्यात 'स्टोरेज', त्यात 'टेम्पररी फाइल्स' उघडायला सांगितलं. तिथं एक यादी येते. मी घाईत म्हणाले, "सगळ्यावर टिक कर आणि काढून टाक."

ती थांबली. म्हणाली, "ताई, यात 'डाउनलोड्स' पण आहे. परताव्याचे प्रस्ताव स्कॅन करून मी तिथंच ठेवते."

माझा हात कपाळावर गेला. खरंच, त्या यादीत 'डाउनलोड्स' असतं, आणि त्यावर टिक केली तर तो अख्खा फोल्डर साफ होतो. आम्ही घेतलेल्या बॅकअपमध्ये तो नव्हता, कारण मला वाटलं कागद 'सोसायटी' फोल्डरमध्येच असणार. सभासदांच्या बोटींच्या डिझेल परताव्याची स्कॅन केलेली कागदपत्रं माझ्या एका शब्दानं गेली असती. जिच्यावर आळ होता त्या मुलीनं ती वाचवली.

म्हणून दोन गोष्टी लिहून ठेवा. 'डाउनलोड्स'वरची टिक नेहमी काढून ठेवायची. आणि बॅकअप घेताना साहेबाला विचारायचं नाही, जो रोज काम करतो त्याला विचारायचं की कागद खरोखर कुठं आहेत.

तिसरी गोष्ट : डेटा वाचवायची सवय

जागा झाली तरी डाउनलोड हलेना. ऑफिसात इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. डेटा संपू नये म्हणून कोणीतरी वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करून ठेवलं होतं. ते चालू असलं की विंडोजला वाटतं इथं डेटा मोजून मिळतो, आणि ते बरीचशी अपडेट उतरवतच नाही. चूक दाखवत नाही, नुसतं थांबून राहतं. सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'वायफाय', आपल्या कनेक्शनचं नाव, आणि तिथं 'मीटर्ड' बंद. महिन्याचं अपडेट शेकडो एमबीचं असतं, मोठं अपडेट कित्येक जीबीचं. एका दिवसाच्या पॅकमध्ये बसत नसेल तर ब्रॉडबँड असलेल्या घरी कॉम्प्युटर एक रात्र न्यायचा. आम्ही शेवटी तेच केलं.

आणि अपडेट मुद्दाम थांबवलेलं होतं तेही सापडलं. 'पॉज अपडेट्स' दाबलेलं होतं. आदल्या हंगामात प्रस्ताव पाठवायच्या शेवटच्या दिवशी कॉम्प्युटर अपडेट घ्यायला बसला आणि दोन तास उठलाच नाही. तेव्हा कमिटीनंच सांगितलं होतं, "हे अपडेट-बिपडेट बंद करून टाक." मुलीनं सांगितलं तेवढं केलं. ते थांबवणं जास्तीत जास्त ३५ दिवस चालतं, नंतर आधी अपडेट घ्यावं लागतं. तोवर बॅटरी संपली होती आणि डिस्क भरली होती, म्हणून ते घेता येईना. काकांना हे सांगितलं तेव्हा फोनवर जरा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "म्हणजे आम्हीच दाबलं म्हणायचं."

एवढं करूनही अडलं तर

सेटिंग्जमध्ये 'ट्रबलशूट' मध्ये विंडोज अपडेटची आपोआप तपासणी असते, ती चालवा. ती पुरली नाही तर अर्धवट उतरलेलं अपडेट खराब झालेलं असू शकतं. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' लिहून उघडा. 'विंडोज अपडेट' आणि 'बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस' या दोन्ही सेवा थांबवा. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमध्ये 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' नावाचा फोल्डर आहे. तो पुसू नका, नाव बदलून पुढं 'ओल्ड' जोडा. सेवा परत सुरू करा. विंडोज नवा फोल्डर करतं आणि पहिल्यापासून उतरवतं. तुमच्या कागदांना यानं धक्का लागत नाही.

तरीही नाही जमलं तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून तेच अपडेट दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून पेन ड्राइव्हनं आणता येतं. आपलं विंडोज ३२ बिट की ६४ बिट एवढं आधी बघून घ्यायचं.

आणि एक सांगते. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून, किंवा साईट बघताना मध्येच उघडलेल्या 'तुमचं विंडोज अपडेट करा' अशा पाटीवरून कधीच काही उतरवू नका. कोणी फोन करून स्क्रीन बघायचं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. अपडेट येतं ते सेटिंग्जमधूनच.

आता घाई का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली. विंडोज ७ ची तर जानेवारी २०२० लाच थांबली. विंडोज १० च्या घरगुती कॉम्प्युटरसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची जादा अपडेट घेण्याची सोय आहे, पण त्यासाठी कॉम्प्युटर २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर लागतो. म्हणजे ज्याचं अपडेट अडलंय त्याला ही सोयही मिळत नाही. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. बरेच जुने डबे त्यात बसत नाहीत. सोसायटीनं वार्षिक सभेतच नव्या कॉम्प्युटरचा विषय घ्यावा. बोटीचं लाकूड कुजलं की आपण नुसता रंग लावत नाही.

बंदीच्या दिवसांत एवढं करा:

१. सगळे कागद दोन ठिकाणी उतरवा. एक ऑफिसात, एक दुसऱ्याच्या घरी. काम झालं की पेन ड्राइव्ह काढून ठेवा, लावून ठेवू नका.
२. तारीख बघा. सकाळी चुकत असेल तर बॅटरी बदला.
३. निदान वीस जीबी जागा मोकळी करा.
४. 'ॲक्टिव्ह अवर्स' मध्ये ऑफिसची वेळ भरा, म्हणजे कामाच्या वेळी कॉम्प्युटर स्वतःहून बंद-चालू होणार नाही.
५. अपडेट चालू असताना वीज तोडू नका. इन्व्हर्टर असेल तेव्हाच सुरू करा.
६. ऑफिसात एक वही ठेवा. जी चूक दिसेल ती तारखेसकट लिहा.

आपल्या सोसायटीचा कॉम्प्युटर त्या जूनमध्ये तिसऱ्या दिवशी सुधारला. ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात गेल्या तेव्हा परताव्याचे प्रस्ताव वेळेत गेले होते. ती मुलगी अजून तिथंच आहे. कमिटीनं तिला नवी वही घेऊन दिली, पुठ्ठ्याची, दोनशे पानी. ती म्हणते, "ताई, जुनी अजून संपली नाही."

तुमच्या सोसायटीत असाच कॉम्प्युटर अडून बसला असेल तर खाली कमेंटमध्ये त्या आकड्याची शेवटची चार अक्षरं लिहा. सभासदांची नावं, आधार, बँकेचे नंबर मात्र लिहू नका. आणि हे ज्या मुलामुलीला तुम्ही "तूच काहीतरी दाबलंस" म्हणालात, त्यांना आधी वाचायला द्या.